ब्रह्मकमळ : नाव आणि गाव

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त विद्यार्थी, माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



पावसाळ्यातील एखादी रात्र. जेवणे आटोपलेली असतात. इतक्यात शेजारच्या दाराची कडी वाजते आणि हाक येते, "काकू, लवकर या, ब्रह्मकमळ उमलतंय!" मग गॅलरीतल्या एका कुंडीभोवती माणसे जमू लागतात. कुणी निरांजन आणते, कुणी हळदकुंकू वाहते, पेंगुळलेल्या मुलांना उठवून आणले जाते. शुभ्र पाकळ्या डोळ्यांदेखत उलगडत जातात, मध्यरात्रीपर्यंत सुगंध जिन्यापर्यंत पोहोचतो आणि पहाटे ते फूल मान टाकते. इंदूर असो वा बडोदे, हैदराबाद असो वा दिल्ली, मराठी कुटुंबे जेथे जेथे स्थिरावली तेथे तेथे हा सोहळा त्यांच्याबरोबर गेला. एका घरातून दुसऱ्या घरी "पान" गेले, पानाला मूळ फुटले आणि तीन-चार वर्षांत त्या घरीही शेजाऱ्यांना हाका जाऊ लागल्या.

आजच्या व्याख्यानाचा विषय ब्रह्मकमळ हाच आहे. मात्र तो या कुंडीतल्या फुलाचा नाही. ज्या वनस्पतीचे हे नाव मुळात आहे ती कोणत्याही गॅलरीत फुलत नाही. ती हिमालयाच्या उंच, उघड्या, वाऱ्याच्या उतारांवर राहते. तिचे फूल पांढरे नाही, ते केवळ एका रात्रीसाठी उमलत नाही आणि त्याचा गंधही मंद नाही. एकाच नावाच्या या दोन वनस्पतींची गोष्ट समजून घेणे म्हणजे केवळ वनस्पतिशास्त्रातील एक चूक दुरुस्त करणे नव्हे. नावावर प्रेम असावे, पण ते नाव ज्याचे आहे त्याची ओळख नसावी, असे झाले की त्या वस्तूचे काय होते, हाच या गोष्टीतला खरा प्रश्न आहे.

प्रथम कुंडीतल्या पाहुण्याविषयी. हे झाड निवडुंगाच्या कुळातले आहे आणि त्याचे मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथील दमट अरण्यांत ते मोठ्या वृक्षांच्या अंगावर वाढते. ज्याला सारे जण पान म्हणतात ते पान नसून चपटे झालेले खोड आहे. म्हणूनच त्याच्या कडेवरच्या खाचेतून कळी येते आणि त्याचा तुकडा मातीत खोचला की त्याला मुळे फुटतात. हे फूल बारा वर्षांतून एकदा येते अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. झाड नीट वाढले तर एकाच हंगामात अनेक वेळा फुलते. रात्री उमलणारे, पांढरे आणि सुगंधी फूल अंधारात हिंडणाऱ्या कीटकांना दुरून कळावे, अशीच त्याची घडण आहे. केरळात त्याला निशागंधी म्हणतात, आणि ते नाव त्याला शोभूनही दिसते. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात मात्र त्याला ब्रह्मकमळ हे नाव मिळाले आणि ते इतके रुळले की मूळ ब्रह्मकमळ त्यामागे झाकले गेले.

यात कुंडीतल्या झाडाचा काही अपराध नाही आणि त्याची पूजा करणाऱ्यांचाही नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा आहे. सूर्यफूल उत्तर अमेरिकेतून आले. परदेशातून आलेल्या वनस्पतींना घरातली नावे देऊन आपलेसे करून घेण्याची रीत जुनी आहे आणि ती गोडही आहे. प्रश्न एवढाच आहे की पाहुण्याला नाव देताना ते कोणाचे उचलले गेले.

आता त्या मूळ धन्याकडे वळावे. उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यात, बदरीनाथच्या वाटेवर गोविंदघाट नावाचे ठिकाण आहे. तेथून घांघरियापर्यंत चढून गेले की वाटेला दोन फाटे फुटतात. एक फाटा व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये जातो. फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक १९३१ साली कामेट शिखर सर करून परतताना या खोऱ्यात उतरला आणि १९३७ साली केवळ फुलांसाठी पुन्हा आला; पुढे १९८२ साली या खोऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दुसरा फाटा हेमकुंड साहिबकडे चढतो. हा चढ उभा आहे. हळूहळू भूर्जवृक्ष मागे पडतात, मग झुडपेही संपतात, श्वास अपुरा पडू लागतो, आणि चार हजार मीटरांच्या आसपास, धुक्यातून मधूनच दिसणाऱ्या खडकाळ उतारांवर, फिकट पिवळसर हिरव्या रंगाचे, कंदिलासारखे काहीतरी दिसू लागते. ते ब्रह्मकमळ.

या उंचीची कल्पना यावी म्हणून एक घरचे माप घेता येईल. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तर जी उंची होईल, साधारण त्या उंचीला ब्रह्मकमळाचे राज्य सुरू होते आणि तेथून पुढे सुमारे ४,८०० मीटरांपर्यंत पसरते. काश्मीरपासून नेपाळ, सिक्कीम ओलांडून थेट चीनच्या नैर्ऋत्य भागापर्यंत ही वनस्पती आढळते. उत्तराखंडाने तिला राज्यपुष्प मानले आहे. १९८२ साली भारतीय टपाल खात्याने हिमालयातील फुलांवर तिकिटे काढली, त्यांतही ब्रह्मकमळाला स्थान होते.

नावात कमळ असले तरी ही वनस्पती कमळाच्या कुळातली नाही. ती सूर्यफुलाच्या कुळातली आहे. झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर ही तिची भावंडे. सह्याद्रीच्या पठारांवर श्रावण-भाद्रपदात पिवळाधमक गालिचा अंथरणारी सोनकीही त्याच घराण्यातली. आणि या घराण्याची एक लेक तर प्रत्येक शाळेच्या मैदानाच्या कडेला उभी असते : एकदांडी, जिला कुणी दगडी पाला म्हणतात. विद्यार्थ्यांनी उद्या मधल्या सुट्टीत एकदांडीचे एक फूल तोडून उलगडून पाहावे. ज्याला एक फूल म्हटले जाते ती प्रत्यक्षात कित्येक लहान लहान फुलांची भरगच्च सभा असते. प्रत्येक पुष्पक स्वतंत्र, प्रत्येकाचे बी स्वतंत्र. पण कीटकाला दुरून दिसावे म्हणून सर्वांनी मिळून एका फुलाचे रूप घेतलेले. वनस्पतिशास्त्रात अशा समूहाला स्तबक म्हणतात. सूर्यफुलात या सभेच्या कडेला पिवळ्या पाकळ्यांसारखी पुष्पके असतात. ब्रह्मकमळात तशी झालर नसते. त्याची स्तबके जांभळी, गच्च आणि आखूड असतात, आणि अशी अनेक स्तबके खोडाच्या टोकाशी एकमेकांना बिलगून बसलेली असतात.

मग तो फिकट हिरवा कंदील कशाचा? तो फुलाचा नाही, पानांचा आहे. स्तबकांच्या भोवती होडीच्या आकाराची, कागदासारखी पातळ, अर्धपारदर्शक छदे एकावर एक मिटून असतात. ज्याला यात्रेकरू पाकळ्या समजतात ती ही छदे होत. खरी फुले त्यांच्या आत, गाभाऱ्यात असावीत तशी. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या जातीला दिलेले लॅटिन नाव ऑब्व्हलाटा असे आहे. त्याचा अर्थ "तटबंदीने वेढलेली". ज्यांनी कधी गड पाहिला आहे त्यांना या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

त्या तटबंदीची गरज काय, हे कळण्यासाठी या वनस्पतीच्या पूर्ण नावाकडे वळावे लागते. तिच्या प्रजातीचे नाव सॉस्युरिया. द कँडॉल या जिनिव्हाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली हे नाव ठेवले ते आपल्याच नगरीतील दोन शास्त्रज्ञांच्या, पिता आणि पुत्र यांच्या, स्मरणार्थ. पुत्र निकोला-तेओदोर द सॉस्युर याने वनस्पती हवेतून आणि पाण्यातून काय घेतात याचा अभ्यास केला. पिता ओरास-बेनेडिक्ट द सॉस्युर हा आल्प्स पर्वताचा अभ्यासक. १७८७ साली हवामानाची उपकरणे घेऊन तो मों ब्लां शिखरावर पोहोचला. त्याच्या आधी, १७६७ च्या सुमारास, त्याने काचेची झाकणे असलेली एक पेटी बनवली होती. ऊन काचेतून आत येई, आतली उष्णता मात्र सहजी बाहेर पडत नसे. आतले तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही पुढे नेण्यात त्याला यश आले. आजच्या सौरचुलीची ती आजी होय. ही पेटी त्याने डोंगरावर आणि खाली सखल प्रदेशातही उन्हात ठेवून पाहिली. बाहेरच्या हवेत मोठा फरक होता, पेटीच्या आत मात्र फारसा नव्हता. यावरून त्याने ताडले की पर्वतावर थंडी असते ती ऊन कमी पडते म्हणून नव्हे. तेथील विरळ हवेला ते ऊन धरून ठेवता येत नाही म्हणून.

ब्रह्मकमळाने हाच धडा सॉस्युरच्या कितीतरी आधी गिरवलेला आहे. उंच पर्वतावर ऊन मिळते, पण ते टिकत नाही. म्हणून जो ते कोंडून ठेवील तो जगेल. छदांच्या आत प्रकाश शिरतो, वारा शिरत नाही. स्तबकांभोवतीची हवा उन्हाच्या वेळी बाहेरच्यापेक्षा उबदार राहते. शिवाय हे फूल उमलते ते जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे ऐन पावसात. तेव्हा तीच छदे छत्रीचे काम करतात आणि परागकण धुऊन जाण्यापासून वाचवतात. विरळ हवेतून येणाऱ्या प्रखर किरणांचा माराही तीच प्रथम अंगावर घेतात. द कँडॉलने नाव दिले तेव्हा त्याच्या मनात काचेची पेटी नव्हती, केवळ एका विद्वान घराण्याविषयीचा आदर होता. पण क्वचित नावे अशी नकळत नेमकी बसतात.

या वनस्पतीचे वर्ष फार छोटे आहे. वर्षातले सात-आठ महिने तिच्या अंगावर बर्फ असते. त्या काळात जमिनीवर काहीच दिसत नाही. सारा जीव जाडजूड मूळखोडात साठवलेला असतो. बर्फ वितळले की पाने येतात, मग वीतभर ते हात-दीड हात उंचीचा दांडा, मग कंदील. उबदार केसाळ अंगाच्या भुंग्यांना इतक्या उंचीवरही उडता येते. त्यांच्याकरवी परागण होते. बी तयार झाले की प्रत्येक बियेच्या डोक्यावर बारीक केसांचा झुपका येतो आणि वारा तिला खडकांच्या सांदीत नेऊन टाकतो. आणि मग पुन्हा बर्फ. अंकुरणे, वाढणे, फुलणे, फळणे, सारे काही या चार महिन्यांच्या फटीत उरकावे लागते. त्यात एखादी चूक झाली तर सुधारायला पुढच्या वर्षीपर्यंत सवड नसते.

याहून वरच्या उंचीवर तिची एक बहीण राहते, फेनकमळ. तिने काचगृहाऐवजी लोकरीचा मार्ग पत्करला. सारे झाड पांढऱ्या लोकरीने इतके गुरफटलेले की बर्फातून डोके वर काढलेल्या कापसाच्या बोंडासारखे दिसावे. दुसऱ्या एका बहिणीचे नाव मराठी घरांना ऐकून माहीत असेल. कारण आयुर्वेदातील कुष्ठ, म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानातील कोष्ठ किंवा उपलेट, हे तिचेच मूळ. तिची आठवण पुढे पुन्हा येईल.

या फुलाशी पर्वतातील माणसांचे नाते फार जुने आहे. गढवाल-कुमाऊँमध्ये नंदादेवी ही नुसती देवता नाही. ती त्या मुलखाची लेक आहे. कैलासावरचा शंकर हे तिचे सासर आणि गढवालची गावे हे माहेर. साधारण बारा वर्षांनी निघणारी नंदा राजजात ही लेकीला सासरी पोहोचवण्याची यात्रा असते. नौटी गावाहून निघालेली माणसे बुग्याळे आणि हिमरेषा ओलांडत होमकुंडापर्यंत तिला सोडायला जातात. २०१४ साली ही यात्रा निघाली होती. दर वर्षी भाद्रपद शुद्ध अष्टमीला, नंदाष्टमीला, गावोगावी तिची पूजा होते आणि त्या पूजेला ब्रह्मकमळ लागते. मराठी घरांत याच दिवसांत ज्येष्ठागौरी माहेरी आलेल्या असतात. एकाच पक्षात, एकाच चंद्राखाली, तिकडे नंदा आणि इकडे गौरी. पार्वतीच्या माहेरपणाची ही दोन गावे एकमेकांना ओळखत नाहीत, पण त्यांचा सण एकच आहे.

या पूजेसाठी फूल कसे आणायचे याचे नियम असत. ते मनाला येईल तेव्हा तोडायचे नाही. नंदाष्टमी यावी लागते. ते कुणीही तोडायचे नाही. ठरलेल्या माणसांनी स्नान करून, उपवास धरून, अनवाणी जायचे. जितकी पूजेला लागतील तितकीच आणायची. हे नियम ज्यांनी घातले त्यांनी वनस्पतिशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते. पण भाद्रपदाच्या अष्टमीपर्यंत फुलांचा बराचसा हंगाम सरलेला असतो आणि पुष्कळ झाडांचे परागण होऊन गेलेले असते. अनवाणी चालणारा माणूस पाठीवर गाठोडी भरून फुले आणीत नाही. देवीच्या धाकाने आखलेली ती मर्यादा झाडालाही पुरत असे.

आज ती मर्यादा ढळली आहे. चालत जाण्याच्या वाटा गाडीवाटा झाल्या आणि हजारांची यात्रा लाखांची झाली. वाटेवरच्या दुकानांत प्रसादाबरोबर ब्रह्मकमळेही विकायला येऊ लागली. जुलैत उमललेले फूल जुलैतच खुडले जाऊ लागले. श्रद्धेत काही उणे झाले आहे असे नाही. उलट फुलाची मागणी वाढली ती श्रद्धा वाढली म्हणूनच. पण बी धरण्यापूर्वी तोडलेले प्रत्येक फूल म्हणजे पुढच्या वर्षांतून वजा झालेली काही रोपे. काचगृह बांधून थंडी, पाऊस आणि वारा यांना परतवणाऱ्या या तटबंदीला माणसाच्या हातापुढे मात्र काही उपाय नाही. ज्या रूपाने तिला वाचवले तेच रूप माणसाला दुरून खुणावते.

तोडणीचा परिणाम किती खोल जातो याचा पुरावा ब्रह्मकमळाच्याच एका नातलगाकडून मिळतो. तिबेट आणि चीनच्या युन्नान प्रांतात सॉस्युरिया लॅनिसेप्स ही जात, तेथील हिमकमळ, औषधासाठी शतकभराहून अधिक काळ गोळा केली जाते. ती आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. तोडणारा साहजिकच सर्वांत मोठे झाड निवडतो, कारण त्याला भाव अधिक. वेन लॉ आणि जॅन सॅलिक या अमेरिकी संशोधकांनी २००५ साली एक साधे काम केले. वनस्पतिसंग्रहालयांत शंभराहून अधिक वर्षांत जमा झालेले या फुलाचे वाळवलेले नमुने त्यांनी मोजले. जसजसे वर्ष अलीकडे येते तसतशी झाडे बुटकी होत गेलेली आढळली. ज्या जवळच्या जातीची तोडणी कमी होती ती मात्र बुटकी झाली नव्हती. जेथे तोडणी जोरात चालते त्या डोंगरावरची झाडे, जेथे ती होत नाही तेथल्या झाडांपेक्षा लहान होती. मोठ्यांना बी धरण्याआधीच नेले, लहानांनी मागे राहून बी धरले. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत राहिले. शेतकरी बियाण्यासाठी सर्वांत भरलेले कणीस राखून ठेवतो. येथे नेमके उलटे घडले. कुणाच्या मनात नसताना माणसाने एका फुलाची उंची कमी केली.

या शोधात शाळेने लक्षात घ्यावे असे काही आहे. झाड लहान होत आहे हे डोंगरावर रोज फिरणाऱ्यालाही डोळ्यांनी कळले नसते, कारण प्रत्येक पिढी आपल्या काळात पाहिलेल्या झाडालाच पूर्ण उंचीचे झाड समजते. ते कळले ते कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी एक रोप उपटून, कागदावर चिकटवून, तारीख आणि ठिकाण लिहून जपून ठेवले म्हणून. ज्याची नोंद नसते त्याचा ऱ्हासही दिसत नाही. साठ वर्षांची हजेरीपुस्तके, हस्तलिखिते आणि छायाचित्रे जपणाऱ्या संस्थेला या वाक्याचे वजन अधिक जाणवेल.

आता त्या दुसऱ्या बहिणीची, कोष्ठाची, आठवण. तिच्या मुळांना सुगंधासाठी आणि औषधासाठी जगभर मागणी होती. मुळासाठी सारे झाडच उपटावे लागते. रानातला साठा इतका घटला की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आले आणि भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही तिचा समावेश करण्यात आला. परंतु तिच्या गोष्टीत एक आशेची बाजूही आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या शेतकऱ्यांनी विसाव्या शतकात तिची लागवड केली. रानातून उपटण्याऐवजी शेतातून मूळ काढता येते हे त्यांनी दाखवून दिले. तोडणी आणि श्रद्धा, व्यापार आणि जतन यांच्यात वाट काढता येते. पण त्यासाठी आधी त्या वनस्पतीची नीट ओळख हवी.

आणि आणखी एक संकट असे आहे की ज्यावर कोणत्याही रखवालदाराचा पहारा चालत नाही. हवा तापू लागली की खालच्या उंचीवरच्या वनस्पती वर सरकतात. सखल प्रदेशातल्या झाडाला निदान वर सरकायला डोंगर असतो. जी वनस्पती आधीच वरच्या पायऱ्यांवर उभी आहे तिला मात्र पुढे जागा थोडी आहे. डोंगर वर निमुळता होत जातो, आणि शिखराच्या पुढे केवळ आकाश असते. कुंडीतले ब्रह्मकमळ मेक्सिकोहून निघून जगभर पोहोचले, कारण ते जेथे नेले तेथे रुजले. हिमालयातले ब्रह्मकमळ तसे स्थलांतर करू शकत नाही. त्याला हवी असलेली थंडी, विरळ हवा आणि बर्फाचे पांघरूण टोपलीत घालून नेता येत नाही.

येथे पुन्हा नावाकडे यावे लागते. ज्या सॉस्युर घराण्याचे नाव या फुलाला मिळाले त्याच घराण्यात, ओरास-बेनेडिक्टचा पणतू म्हणून, फर्दिनां द सॉस्युर हा भाषाशास्त्रज्ञ जन्मला. शब्द आणि त्याचा अर्थ यांचा संबंध निसर्गाने घालून दिलेला नसतो, तो समाजाच्या संमतीने ठरतो, हा त्याच्या विचारातला एक पाया. त्या न्यायाने कुंडीतल्या फुलाला ब्रह्मकमळ म्हणण्यात काही वावगे नाही. समाजाने संमती दिली आहे. पण संमतीबरोबर जबाबदारीही येते. एक नाव दोघांना दिले तर दोघांनाही ओळखावे. नाही तर असे होते की घरोघरी ब्रह्मकमळ भरभरून फुलते आहे, या समाधानात डोंगरावरचे ब्रह्मकमळ उणावत चालले आहे ही बातमी कानी पडूनही मनापर्यंत पोहोचत नाही. गॅलरीत दहा कळ्या आल्या आहेत. मग दुर्मीळ काय आहे?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत या गोष्टीला आणखी एक अर्थ येतो. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी येथे मराठीतून पाढे म्हणायला सुरुवात केली, त्यांनी भाषेचे पान दुसऱ्या मातीत खोचले होते. ते रुजले, फुलले आणि त्याच्याभोवती शेजारी जमले. भाषा हे कुंडीत रुजणारे झाड आहे हे या शाळेने सिद्ध केले आहे. पण कुंडीतल्या भाषेलाही तिचे सारे शब्द हवे असतात, आणि त्या शब्दांमागच्या वस्तूही. सोनकी, एकदांडी, झेंडू, ब्रह्मकमळ ही नावे पाठ असणे ही अर्धी ओळख. ती कोठे उगवतात, केव्हा फुलतात आणि कशाने संपतात हे ठाऊक असणे ही पूर्ण ओळख. नाव हे निमंत्रण असते. ओळख त्यानंतर व्हायची असते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण पुढे कधी तरी हेमकुंडाचा तो चढ चढतील. धुके बाजूला सरेल आणि खडकाच्या आडोशाला तो फिकट कंदील दिसेल. जवळ बसून त्याच्या छदांच्या फटीतून आत पाहावे. जांभळी स्तबके दिसतील, नशीब असेल तर आत दडलेला एखादा भुंगाही दिसेल. छायाचित्र घ्यावे, तारीख आणि ठिकाण वहीत लिहून ठेवावे. कुणी विकत देऊ केले तर हात जोडून नको म्हणावे. ज्या नंदेसाठी ते फूल आहे ती त्याच डोंगरावर राहते. तिला ते न तोडताच पोहोचते.

आणि पुढच्या पावसाळ्यात गॅलरीतली कळी उमलू लागेल तेव्हा शेजाऱ्यांना जरूर हाका माराव्यात, निरांजन लावावे, झोपलेल्या मुलांना उठवावे. फक्त त्या रात्री त्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी : या फुलाचे नाव ज्याच्यावरून ठेवले आहे तो तिकडे, दोन कळसूबाईंच्याही वर, पावसात आपला कंदील मिटून उभा आहे, आणि कुणी त्याला न तोडता ओळखावे याची वाट पाहतो आहे.